गंध लावलेले मासे

भादवा लागला की मलकापुरात दोन आवाज वाढतात. एक डासांचा आणि दुसरा आमच्या पेठेतल्या पुण्यवान माणसांचा. पहिल्यावर उपाय आहे.

यंदाचा पोळाही झाला. बैलांच्या शिंगांवरची बेगड निघाली, पाऊस थांबला, आणि दरवर्षी पडते तशी ती कोंदट उघडीप पडली. कपाशीला पिवळी फुलं आली आहेत. रस्त्याच्या कडेला तरोटा गुडघ्याएवढा वाढलाय आणि त्याच्या उग्र वासानं डोकं चढतं. भिंती ओल्या आहेत. घराघरात एक तरी माणूस भर दुपारी गोधडी ओढून कुडकुडतं आहे. टपालकचेरीच्या खिडकीशी तापावरच्या कोयनेलसाठी रांग आहे, आणि रांगेतल्या अर्ध्या माणसांना उभं राहवत नाही म्हणून ती रांग बसलेली आहे. बसलेली रांग ज्यानं पाहिली नाही, त्यानं वऱ्हाडातला भादवा पाहिला नाही.

आज सकाळी मी नळगंगेच्या डोहातून मासे आणून कापसाच्या जिनामागच्या हौदात सोडले. मातीच्या रंगाचे, बोथट तोंडाचे, अंगावर चमक म्हणून नाही. पाण्यात पडले आणि तळाच्या गाळात दिसेनासे झाले. एक गाडीवान बैलांना पाणी पाजत उभा होता. तो म्हणाला, "बाई, येवढ्या नदीत हेच सापडले काय तुमाले? काऊन असे भुंडे आणले?"

"निवडून आणलेत," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. पण मासे निवडण्याइतकी गंभीर गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही, आणि हे मला ज्या भादव्यानं शिकवलं तो काही वर्षांपूर्वीचा.

आधी हौदाविषयी. कापसाच्या गाड्या कार्तिकात येऊ लागतात, जिनाच्या फाटकाशी खोळंबून राहतात, तेव्हा बैलांना पाणी मिळावं म्हणून कुणीतरी हा दगडी हौद बांधला. जिनाच्या विहिरीतून पन्हाळीनं त्यात पाणी येतं. गावात विहिरी पुष्कळ. कुणाची घागर कोणत्या विहिरीवर चालते हे इथल्या रांगत्या मुलालाही ठाऊक असतं. पण बैलानं तोंड घातलेलं पाणी कुण्या सोवळ्या माणसाला नको होतं, म्हणून हौदावर कुणी हक्क सांगत नव्हतं. आणि कुणीच सांगत नव्हतं म्हणून तो महारवाड्याचा होता. बैल पिऊन गेले की बाया घागरी भरायच्या. हा आमच्याकडचा न्याय. लोक मला विचारतात, एवढी चिडतेस कशाला? मी विचारते, तुम्हाला झोप कशी लागते?

त्या वर्षी ताप फार होता. हौदाचं पाणी पावसाळाभर साचलेलं, त्यात डासांचे किडे वळवळत होते. ओंजळ भरली तर ओंजळीत यायचे. पेठेतल्या मंडळींनी पारावर बसून निकाल देऊन टाकला, की रोगाचं मूळ तो हौदच, फोडून टाका. त्यांच्या स्वतःच्या परसातल्या रांजणांत काय वळवळतं ते कुणी झाकण काढून पाहिलं नव्हतं. हौद फुटला असता तर वस्तीतल्या बायांना नदीच्या डोहापर्यंत पाय तोडत जावं लागलं असतं, तेही अंगात हिव भरलेलं असताना. प्रश्न एवढाच होता: वस्तीला पाणी राहणार की नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि उरलेला वेळ पत्रकं लिहीत होते. पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते. कोणत्याही गोष्टीचा मथळा आधी सुचतो. "हौद फोडू नका, मासे सोडा!" हा मथळा मी छापखान्यात नेऊन दिला तेव्हा मासे माझ्याजवळ नव्हतेच असं नाही. शाळेच्या खिडकीत एक काचेची पेटी होती, आणि तिच्यात मी वर्षभर जीव ओतला होता.

ती पेटी रशीदचाचांनी केलेली. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं तसबिरींना काचा बसवायचं दुकान होतं. पत्र्याची चौकट, चारी बाजूंना काच आणि सांध्यांना लांबीचा लेप. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा चारी कोपऱ्यांतून धारा लागल्या. चाचा दाढी खाजवत म्हणाले, "बेटी, हे माशायचं घर हाय का पीठ चाळाची चाळणी?" मग डांबर तापवून सांधे भरले, आणि ती पेटी पुढे कधी गळली नाही.

मासे मात्र मेले. मी स्वच्छतेची भक्त, रोज सगळं पाणी उपसून ताजं भरायची, आणि रोज एखादा पांढरं पोट वर करून तरंगायचा. जुन्या पाण्याला माशांच्या अंगाची सवय झालेली असते. ते थोडं काढावं, थोडं ठेवावं, नवं भरायचं ते उन्हात ठेवलेलं असावं. सगळं एकदम बदलू पाहणारी मी, मला हे पटायला फार वेळ लागला. अजूनही फक्त माशांच्याच बाबतीत पटलं आहे.

तळाला नदीची वाळू, धुऊन धुऊन पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. तिच्यात रोवलेलं पाणगवत. सकाळचं ऊन खिडकीतून आलं की त्याच्या पानापानावर बुडबुडे मोत्यांसारखे चिकटायचे आणि एक एक करून वर सुटायचे. झिंगे आणले, काचेसारखे आरपार, पोटात खाल्लेला घास दिसणारे. ते पडलेलं-उरलेलं उचलून खायचे, पुढच्या चिमुकल्या हातांनी, एखादी सुगरण तांदूळ निवडते तसे. एकदा मरळीचं पिल्लू आणलं, दिसायला देखणं, चालीला ऐटबाज. आठवड्यात पेटीत ते एकटंच राहिलं. असे देखणे मी पुढे सभांमधूनही पुष्कळ पाहिले. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं पेटी पाहून सांगितलं, की समुद्रात पोवळ्याची जिवंत झाडं असतात, त्यांच्यात निळेपिवळे मासे राहतात. आम्हाला पोवळं माहीत ते मंगळ वक्री झालेल्यांच्या अंगठीतलं. मुली तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या. मलाही रात्रभर ते झाड डोळ्यांपुढे दिसलं. पण वऱ्हाडात समुद्र नाही, आम्हाला नळगंगेवरच भागवायचं होतं.

आणि नळगंगेनं कमी दिलं नाही. पेटीत मी वेगवेगळे मासे ठेवून पाहिले, त्यांच्यापुढे हौदातले किडे टाकले, आणि पाहत बसले. एक जात अशी निघाली की पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहायची, किडा दिसला की झडप. पेला भरून किडे टाकावेत आणि मुलींचा पाढा म्हणून होईतो पाणी साफ. बोटभर लांब, अंगावर हिरवट झाक, आणि डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, एक रुपेरी ठिपका. वरून पाहिलं तर पाण्यात चांदण्या फिरतायत असं वाटावं. मुलींनी त्यांना टिकलीवाल्या म्हणायला सुरुवात केली. मी हेच निवडले. उत्तम खाणारे होते म्हणून निवडले. दिसायला सुंदर होते याचा मला आनंदच झाला. सुंदर वस्तू वस्तीच्या हौदात का असू नये?

मासे सोडले त्या दिवशी सोनाबाई हौदाच्या कठड्यावर कमरेला हात लावून उभी होती. जिनात सरकी काढायच्या रेच्यावर काम करणारी, साऱ्या वस्तीत तोंडानं सर्वांत फाटकी. ती म्हणाली, "बाई, हे मासे किडे खातीन, आन् आमी मासेवालं पाणी पेऊ. मंग माशायचा मूत कोन पेईन?"

"बैलांच्या तोंडची लाळ चालते ना तुम्हाला?"

"ते चालतेच हो. बैल कामाचा हाय." मग वाकून पाहत म्हणाली, "दिसते मात्र गोड. नव्या नवरीसारखी टिकली लावून राह्यली."

पोळ्यानंतर पंधरवडा गेला आणि पाणी साफ झालं. ओंजळ भरली तर ओंजळीत फक्त पाणी. हौद फोडायची भाषा पारावर बंद झाली. मी पत्रकाचा दुसरा मथळा मनात जुळवायला लागले. विजयाचे मथळे मला फार लवकर सुचतात.

मग पितृपक्ष लागला.

आमचे नानाकाका, वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं, शाळेत लावून दिलं. मुंगीच्या वारुळाला साखर घातल्याशिवाय हा माणूस चहा घेत नसे. वाईट माणसांशी भांडणं मला सोपं जातं. नानाकाका वाईट नव्हते, तेच सगळ्यात वाईट होतं. पुतणीचे... नाही, त्यांच्या भाषेत "लेकीचे" मासे पाहायला म्हणून ते एका सकाळी हौदावर आले. पितरांना घास टाकून झालेला, कपाळावर ओलं गंध. त्यांनी पाण्यात पाहिलं. पाण्यातून कपाळावर गंध लावलेले पाचपन्नास जीव वर आले आणि त्यांच्याकडे तोंड करून थांबले.

ते थांबले, कारण वरून सावली पडली की काही तरी खायला पडतं हे त्यांना कळलं होतं. नानाकाकांना ते तसं दिसलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शांते," ते म्हणाले, "हे साधे मासे नाहीत गं. हे आपले आहेत."

दुसऱ्या दिवशी ते कणकेच्या गोळ्या घेऊन आले. तिसऱ्या दिवशी पेठेतल्या निम्म्या घरांतून गोळ्या आल्या. पुढे भात, वडे, खीर. कावळ्याला घालायचं ते आधी माशांना. कुणी आपल्या आज्याला ओळखलं, कुणी आत्याला. एका मोठ्या, संथ माशाला पेठेतल्या जुन्या सावकाराचं नाव मिळालं, कारण तो दुसऱ्यांच्या तोंडचा घास काढून घ्यायचा. एवढी ओळख मात्र खरी वाटली.

खीर खाणारा मासा किडे कशाला खाईल? मासे फुगले, सुस्तावले. उरलेली कणीक तळाला कुजली, पाण्यावर साय धरली, आणि तिच्या कडेकडेनं पुन्हा वळवळ सुरू झाली. माशाला मारायचा सर्वांत खात्रीचा रस्ता म्हणजे त्याला पोटभर खायला घालणं. पेटी ठेवणारं पहिलीतलं पोरही हे शिकतं. मी पत्रक काढलं. "माशांना खाऊ घालू नका!" पेठेत म्हणू लागले, पोरगी पितरांच्या तोंडचा घास काढते. नानाकाका जेवताना हळूच म्हणाले, "किड्यांची हत्या त्यांच्याकडून करवून घेतेस. त्यापेक्षा आम्ही कणीक घालतो, त्यात काय गं वाईट?" आवाज ओला, दयाळू. ती दया वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात सडत होती.

त्यानंतरचं पाऊल इतकं सरळ होतं, की मला आधी कसं दिसलं नाही याचा अजून राग येतो. जिथे आपले पितर राहतात, त्या पाण्यात महारवाड्याची घागर कशी बुडेल? एका सकाळी हौदाभोवती बाभळीच्या काट्या आल्या. कठड्यावर शेंदूर लागला. वस्तीतल्या बायांना सांगण्यात आलं, की तुम्ही आता दुसरीकडे बघा. बैलांसाठी एका बाजूनं वाट मोकळी ठेवली होती. बैलाचा विटाळ पितरांना होत नाही.

मी वस्तीत गेले. सोनाबाईची सून गोधडीत कुडकुडत होती, घागर उपडी होती. सोनाबाई नदीवरून परत येऊन दाराशी टेकली होती, पाय पसरून. मला पाहून उठली नाही. "या बाई," ती म्हणाली. "तुमच्या पितरायनं आमचं पाणी पेऊन टाकलं."

"मी आजच मासे उचलते," मी म्हटलं. "घागरीत घालते, नदीत सोडते. मासे गेले की काट्या जातील."

"काऊन जातीन?" ती म्हणाली. "तुमी नदीत सोडान, ते म्हनतीन पितर गंगेले गेले. जागा तं पवित्रच राह्यली. मंग तिथं देऊळ बांधतीन. आमच्या आज्याच्या आज्यापासून पाहून राह्यलो आमी. देव उठून गेला तरी त्याची जागा कोनी आमाले देत नाही."

"मग काय करायचं?"

ती आपल्या भेगाळलेल्या टाचा चोळू लागली. मग म्हणाली, "देव गेला तं वापस येते. खाल्ला तं नाही येत."

वर्षभर मी त्या माशांना वाढवलं होतं. कोणता वाळूला अंग खाजवतो, कोणता लाजतो, कोणती मादी पाणगवताच्या मुळाशी अंडी चिकटवते, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. आमच्या घरात मासा शिजणं सोडा, त्याचं नाव चुलीपाशी निघत नसे. सोनाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. आत्तापर्यंत माझी सगळी बंडखोरी कागदावर होती, आणि कागद महाग नसतो.

"त्यांना पकडणं तुम्हाला जमणार नाही," मी म्हटलं. "वरच्या थरातून चटकन सटकतात. मी पकडून देते."

सर्वपित्री अमावस्येला पेठ सगळी हौदावर लोटलेली, भर सकाळी, ताटं घेऊन. सोनाबाई आणि वस्तीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या. मी लुगड्याचा काचा मारला, काट्या पायानं बाजूला सारल्या, आणि हौदात उतरले. पाणी मांडीपर्यंत. मासे पळाले नाहीत. ते माझ्याकडे आले, कारण वर्षभर माझ्याच हातून खात होते. ते क्षण मी कुणाला सांगत नाही. इथे लिहिते आहे एवढंच.

मलमलीची जाळी पाण्याखालून सरळ उचलायची, धक्का न देता. पहिल्या फेरीतच टोपलीचा तळ चांदण्यांनी भरला. बायका ओरडल्या. कुणाच्या तरी हातातलं ताट पडलं. सोनाबाई मोठ्यानं म्हणाली, "घाबरू नका हो, तुमच्या मान्सायले आमी तेलमीठ लावून नेऊ."

नानाकाका काठापाशी आले. ते चिडलेले नव्हते. "शांते," ते म्हणाले, "बाहेर ये. त्यात तुझा आजा आहे गं."

"असेल काका," मी म्हटलं. "तर तो आज वस्तीत जेवायला चालला आहे. जिवंतपणी एकदाही गेला नाही."

हे उत्तर मी घडवलं नव्हतं. पत्रकात असतं तर मी दोनदा खोडून लिहिलं असतं. ते तोंडातून निघालं, हौदाच्या दगडावर आपटलं आणि तिथेच राहिलं. नानाकाका पाठमोरे झाले. त्यांची पाठ इतकी म्हातारी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरी माझं ताट पडवीत आहे. ते स्वतः आणून ठेवतात, गरम, तूप घातलेलं, आणि न बोलता आत जातात. मला त्यांची दया आली तर मी ती गिळते. मी माफी मागितलेली नाही. मागणारही नाही.

आणि सोनाबाईचा हिशेब चुकला नाही. काट्या परत लावायला कुणी आलं नाही. ज्या हौदातून आपला आजा टोपलीत बसून कालवणाला गेला, त्या हौदाशी पेठेतल्या एकाही घराला नातं सांगायचं नव्हतं. शेंदूर पुढच्या पावसात धुऊन गेला. तेव्हापासून मी हौदात मातीच्या रंगाचे, भुंडे, ज्यांच्याकडे कुणी वळून पाहणार नाही असे मासे सोडते. किडे थोडे सावकाश खातात, पण अजून त्यांच्यात कुणाला कुणाचा चेहरा दिसलेला नाही. टिकलीवाल्यांपैकी चार दोन शाळेच्या पेटीत उरल्या होत्या. त्यांची पिल्लावळ अजून तिथे आहे, काचेमागे, मुलींच्या ताब्यात.

त्या अमावस्येला दुपारी मी सोनाबाईच्या घरी बसले. अंगणात चूल, मिरचीच्या ठसक्यानं सगळे खोकत होते, सून गोधडीतून डोकं काढून हसत होती. माझ्यापुढे ज्वारीची भाकर आली आणि तिच्यावर लालभडक कालवण. एवढेसे मासे, त्यात काटाच फार. डोक्यावरचा ठिपका शिजल्यावर राहत नाही. सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या आणि पाहत नसल्याचं दाखवत होत्या.

"नको खाऊ बाई, जबरदस्ती नाही," सोनाबाई म्हणाली. "तुमी आल्या तेच बास झालं."

मी घास घेतला. चव कळली नाही. दुसरा घेतला, तो तिखट लागला. तिसऱ्याला काटा घशात रुतला, आणि मी डोळे पांढरे केले. सोनाबाईनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला, की आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला घातला नसेल. "भाकरीचा गोळा गिळ," ती ओरडली. "न चावता गिळ, माय!"

मी गिळला. काटा खाली गेला. सगळ्या जणी फसकन हसल्या, मीही हसले, नाकातोंडातून पाणी येत होतं. सोनाबाईनं तिच्या सुनेच्या उशाशी असलेला जर्मन धातूचा तांब्या उचलला आणि हात पुढे करता करता अडखळली. तांब्या तिचा होता, पाणी नुकतंच भरून आणलेलं होतं, हौदावरून, आणि ते माझ्या ओंजळीत वरून ओतायचं की तांब्याच द्यायचा हे तिला ठरवता येईना.

मी तिच्या हातातून तांब्या घेतला, तोंडाला लावला, संपवला, आणि आणखी मागितलं.